जावळाची डबी

पंगत उठली की मला गप्प बसवत नाही. झरी गावात भाच्याचं वर्षश्राद्ध होतं. शेतातली मोटर चालू करायला गेला आणि शॉक लागून तिथंच संपला, वय वीस. अशा दिवशी माणसानं सुपारी कातरत बसावं. मी मात्र मोबाईलवर पाहिलेलं ज्ञान वाटत सुटलो. एका पेशीपासून हुबेहूब मेंढी केली, आपल्याकडं म्हशीसुद्धा केल्यात, आता माणूस काही लय लांब नाही. भावकीनं माना डोलावल्या. मी खूश. दाराआड अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, त्याची आई, ऐकत होती हे मला दिसलंच नाही.

आठव्या दिवशी ती परभणीला आमच्या दारात. सोबत सासरी नांदणारी लेक. अक्कानं पिशवीतून पितळी डबी काढली. आत भाच्याचं जावळ. आमच्यात जावळ काढताना लेकरू मामाच्या मांडीवर बसतं आणि ते केस नदीत सोडायचं कामही मामाचंच. मी सगळे गोदावरीत सोडले, असा माझा वीस वर्षांचा समज. तिनं एक बट आधीच काढून ठेवली होती.

या केसांतून त्याला परत घडवणारा डॉक्टर कोण, ते मी शोधायचं. बाकी तिनं ठरवलं होतं.

“माझं वय गेलं. पोरीच्या पोटात वाढवू. ती न्हाई म्हणत न्हाई.”

पाणी आणतो म्हणून मी आत पळालो. माझं धाडस एवढंच. भाची मागोमाग आली.

“मामा, भावालाच कसं जन्माला घालू? आईला मला न्हाई म्हणता येत न्हाई. तुमी म्हणा.”

खोटं कशाला लिहू, बाहेर यायच्या आधी मी मोबाईलवर शोधलं. मांडीवर रडलेलं ते लेकरू मलाही परत हवं होतंच की. माणसाचं असं कुणी केल्याचा पुरावा नाही, परवानगीही नाही, हे वाचून हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उद्या जमलं तर? पाळण्यातल्या जिवाला अक्का पहिल्या दिवसापासून सांगणार, तू एकदा मेलायस. त्याला मोटरीजवळ जाऊ देणार नाही, वेगळं हसू देणार नाही. आणि हे सगळं माझ्या तोंडून निघालेलं.

बाहेर येऊन म्हणालो, “अक्का, न्हाई होत तसं. झालं तरी तो दुसराच कुणी असंल. पोरीला यात घालू नको.”

ती रडली नाही. डबीचं झाकण दाबत म्हणाली, “मग त्या दिवशी का सांगितलास?”

तिनं एसटीची वेळ विचारली. जाताना लेकीचं मनगट घट्ट धरलेलं.

तेव्हापासून मी भाचीला रोज फोन करतो. बरं हाय, म्हणते. काल मात्र म्हणाली, आई शेजारणीकडून मोबाईलवर शोधायला शिकायलीय. मी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.