चौदा पिस्तुलं आणि एक साडू

माझ्या साडूंनी आयुष्यात एकही निर्णय डोळे मिटून घेतलेला नाही, आणि उघड्या डोळ्यांनी घेतलेले निर्णय मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतात. जर्मनीतल्या बॉबलिंगेनमध्ये मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते मोजमाप विभागात आहेत. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत ते मिलिमीटरचा हजारावा भाग मोजतात आणि घरी आल्यावर उरलेलं जग मोजायला घेतात. त्यांच्याकडे टोस्टर यायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत माझी मेव्हणी, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, तव्यावर पाव भाजत होती आणि साडूभाऊ शेजारी बसून चार टोस्टरांच्या रकान्यांत आकडे भरत होते. गादी घेताना ते दुकानात तेवीस गाद्यांवर प्रत्येकी दहा मिनिटं आडवे झाले. सोळाव्या गादीवर त्यांना खरंच झोप लागली. झोपेत घेतलेलं निरीक्षण ग्राह्य धरता येत नाही, या कारणावरून त्यांनी ती गादी बाद केली. मग लग्न कसं ठरवलं, असं मी एकदा ताईंना विचारलं होतं. "मी ठरवलं," त्या म्हणाल्या, आणि पोळी उलटली.

अशा माणसाच्या हातात पिस्तूल आलं ते मुलीमुळे. ईरा बारा वर्षांची असताना शाळेतल्या मैत्रिणीबरोबर शेजारच्या गावातल्या शुट्झेनफेराइनमध्ये, म्हणजे नेमबाजांच्या क्लबात, छऱ्याची बंदूक चालवायला जाऊ लागली. साडूभाऊ तिला दर शनिवारी सोडायचे आणि बाहेर गाडीत बसून राहायचे. एका जानेवारीत तिथल्या म्हाताऱ्या प्रशिक्षकाला त्यांची दया आली आणि त्याने त्यांना आत बोलावून हातात क्लबचं पिस्तूल दिलं. साडूभाऊंनी पाच गोळ्या मारल्या, टार्गेटचा कागद हातात घेतला आणि पट्टी आहे का, असं विचारलं. म्हातारा म्हणाला, चाळीस वर्षांत पट्टी मागणारा पहिलाच. त्या दिवसापासून बापलेक शेजारीशेजारी उभे राहून नेम धरू लागले.

या शनिवारांचं महत्त्व समजायला ईराचं घरातलं बोलणं माहीत हवं. साडूभाऊ मराठीत विचारणार आणि ती जर्मनमध्ये उत्तर देणार, हे इथल्या सगळ्याच मराठी घरांत चालतं. पण वयाच्या पंधराव्या वर्षापासून ईराची उत्तरं इतकी आखूड झाली, की ती कुठल्या भाषेत आहेत हा प्रश्नच उरला नाही. जेवलीस का, 'या', म्हणजे हो. अभ्यास झाला का, 'या'. बाहेर चाललीस का, दरवाजा आपटल्याचा आवाज. नेमबाजी करताना कानांवर संरक्षक लावलेले असतात, त्यामुळे तिथेही कोणी बोलत नाही. मात्र परतीच्या वाटेवर गाडीत ही मुलगी अर्धा तास सलग बोलायची. श्वास कुठे सुटला, मनगट कधी ढळलं, पाचवी गोळी डावीकडे का गेली, आणि मग त्या ओघात शाळा, मैत्रिणी, कुणाशी भांडण झालं, सगळंच. ती जर्मनमध्ये, ते मराठीत. एकदा मी मागच्या सीटवर होतो. सिग्नल लागला की साडूभाऊंना आनंद होतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

स्वतःचं पिस्तूल घ्यायचं ठरलं तेव्हा पुण्याहून साडूभाऊंच्या आत्यांचा व्हिडिओ कॉल आला. "कमरेला लावून ऑफिसात जातोस का रे?" आत्यांनी विचारलं. त्यांना वाटलं होतं, 'नाही' असं उत्तर येईल आणि विषय संपेल. साडूभाऊंनी त्यांना चाळीस मिनिटं जर्मन कायदा सांगितला. इथे खेळासाठी पिस्तूल घेणाऱ्याला ते अंगावर बाळगता येत नाही. घर ते क्लब, बंद पेटीत, कुलूप लावून, गोळ्या न भरता, एवढंच नेता येतं. आत्या मध्येच उठून देवाला दिवा लावून आल्या, तरी पेटीच्या कुलपाचं वर्णन चालूच होतं. गंमत म्हणजे साडूभाऊंनी पिस्तुलांसाठी केलेल्या तक्त्यात 'बाळगण्यास सोयीचे' असा एक रकाना होता. इंटरनेटवरचे सगळे अमेरिकन लोक त्या रकान्याला गुण देतात, म्हणून त्यांनी तो घेतला. इथे तो लागू नाही हे कळल्यावर त्यांनी तो काढून टाकला नाही. गाडी बंद पडलीच तर क्लबची पेटी बसथांब्यापासून क्लबपर्यंत हातात धरून किती जड लागते, ते त्यांनी त्यात मोजायला सुरुवात केली. त्यासाठी ते पेटीत पिस्तुलाएवढ्या वजनाची साखर भरून तीन वेळा चालत गेले.

पिस्तुलाच्या आधी घरात तिजोरी आली, कारण ती असल्याशिवाय अर्जच पुढे सरकत नाही. तिजोरीचा आकडा फक्त परवानाधारकाला ठाऊक असायला हवा, बायकोलाही नाही. बावीस वर्षांच्या संसारातलं ते पहिलं गुपित. ताई लोणच्याला फोडणी घालत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "ईराची जन्मतारीख असणार." जेवण झाल्यावर साडूभाऊ तळघरात गेले आणि आकडा बदलून आले. तिजोरी अजून रिकामीच होती, पण खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी घरातल्या शस्त्रांची, हत्यारांची पूजा होते. ताईंनी दरवर्षीप्रमाणे व्हर्निअर, मिक्सर, गाडी आणि लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, आणि तळघरात जाऊन तिजोरीच्या दारावर मोठं स्वस्तिक काढून वर झेंडूचं फूल चिकटवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लांडराट्सआम्टमधून, म्हणजे जिल्हा कचेरीतून, तिजोरी तपासायला एक साहेब न कळवता आले.

जर्मनीत दारावर ते चिन्ह दिसल्यावर सरकारी माणसाच्या चेहऱ्याचं काय होतं, हे मी सांगायला नको. ताईंना चूक कळली आणि त्यांनी पदराने ते पुसायला घेतलं. त्यामुळे ते आणखी लाल दिसू लागलं. साडूभाऊंनी मात्र शांतपणे साहेबांना वर नेलं, कुंकू लावलेला मिक्सर दाखवला, मग गाडी, मग लॅपटॉप, आणि या चिन्हाला आमच्या घरात काय अर्थ आहे ते सव्वा तास समजावून सांगितलं. दिवाळीच्या रांगोळ्यांचे फोटो दाखवले. शेवटी तिजोरी उघडली. आत आर्द्रता मोजायचं एक यंत्र होतं आणि तिसरं काहीच नव्हतं, कारण दुसरं म्हणजे एक सुपारी. साहेबांनी सुपारीची नोंद करायची की नाही यावर बराच विचार केला. मग नारळाच्या दोन वड्या खाऊन ते गेले. तिजोरी पास झाली. पुढच्या वर्षापासून तिजोरीला नुसतं बोट टेकवायचं, असा घरात नियम झाला.

नोव्हेंबरात परवानगी मिळाली. परवान्याच्या कार्डावर एक ओळ छापून आली: अमुक व्यासाचं एक सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल, वर्षाच्या आत घ्यावं, नाहीतर ओळ रद्द. आता वर्ष म्हणजे साडूभाऊंच्या हिशेबाने दोन टोस्टरसुद्धा नाहीत. आणि खरी मुदत त्याहून कमी होती. ईराची शाळा संपत आली होती आणि ऑक्टोबरात ती कायझर्सलाउटर्नला शिकायला जाणार होती. "त्यांच्या मनात काय आहे ठाऊक आहे का?" ताई मला एकदा म्हणाल्या. "घरात दोघांचं मिळून पिस्तूल असलं, की पोरगी शनिवारी येत राहील. तोंडाने सांगणार नाहीत. तक्ता करतायत." त्यांच्या आवाजात चीडही होती आणि दुसरंही काही होतं.

त्या वर्षात आम्ही चौदा पिस्तुलं पाहिली. आम्ही म्हणजे ते आणि मी, कारण निरीक्षण करणारा आणि नोंद करणारा माणूस वेगळा हवा, असा त्यांच्या विभागाचा नियम आहे. झेक पिस्तूल सगळं पोलादी, हातात घेतल्यावर जुन्या पितळी तांब्यासारखं भरीव. ऑस्ट्रियन हलकं, पण साडूभाऊंच्या मते त्याला स्वभाव नव्हता. स्विस त्यांनी दोनदा उलटसुलट पाहिलं, परत पेटीत ठेवलं आणि म्हणाले, "हे पाहायला नको होतं." इटालियनचा घोडा किती जोर लावल्यावर सुटतो, ते त्यांनी वीस वेळा मोजलं आणि वीस वेळा वेगळा आकडा आला. त्यानंतर ते पिस्तूल त्यांच्यासाठी मेलं. दुकानदारीण बाई जाडजूड, खास श्वाबिश, म्हणजे इथल्याच भागातली, मितभाषी. तिने फेब्रुवारीत आम्हाला खुर्च्या दिल्या, एप्रिलमध्ये कॉफी द्यायला लागली, आणि जूनमध्ये, आम्हीच किल्ली घेऊन दुकान उघडू शकू का, असं गंभीर चेहऱ्याने विचारलं.

घोडं अडलं होतं ते हाताशी. पिस्तुलाची मूठ हाताला बसली नाही तर बाकी सगळं फुकट. साडूभाऊंचा पंजा फावड्याएवढा, ईराचा आईवर गेलेला, लहान आणि सडसडीत. तक्त्यात दोघांचे वेगळे रकाने होते. झेक त्यांच्या रकान्यात सर्वांत वर आणि तिच्या रकान्यात तळाला. एक जर्मन पिस्तूल होतं बारीक मुठीचं, ते नेमकं उलट. दोन्ही हातांना सारखा न्याय देणारी जी होती, ती कोणालाच धड बसत नव्हती. मी म्हटलं, "साडूभाऊ, थोडं इकडेतिकडे करा ना आकड्यांत." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचे दोन आठवडे फोन केला नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. जूनमध्ये अठरा पूर्ण झालेली ईरा पहिल्यांदाच आली होती, आणि पुढच्या शुक्रवारी ती निघणार होती. तिच्या खोलीतली खोकी भरून झाली होती. बाईने दोन पिस्तुलं काउंटरवर ठेवली. साडूभाऊंनी झेक हातात घेतलं, ते त्यांच्या हातात इतकं छान बसलं की मीसुद्धा मनात म्हटलं, घ्या हो आता. ईराने बारीक मुठीचं उचललं, भिंतीवरच्या खुणेवर नेम धरला, दोनदा श्वास घेतला. "पास्ट," ती म्हणाली. बसतंय.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं साडूभाऊ म्हणाले आणि मला लॅपटॉप उघडायला सांगितला. त्यांच्या हाताच्या रकान्याला शंभरातले तीस गुण होते. "तिथे शून्य लिहा," ते म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं. "लिहा ना," ते म्हणाले, "टायपिंग येतं ना तुम्हाला." मी शून्य लिहिलं आणि बारीक मुठीचं पिस्तूल आपोआप वर गेलं. बाईने मोठा श्वास सोडला. ईरा कपाळाला आठी घालून म्हणाली, "पापा, तुझ्या हाताला ते लहान आहे," आणि हे ती चक्क मराठीत म्हणाली. "चालेल," साडूभाऊ म्हणाले आणि खिशातून कार्ड काढण्यासाठी वळले ते बराच वेळ वळलेलेच राहिले.

ईरा गेली. कायझर्सलाउटर्न ते बॉबलिंगेन आगगाडीने जवळजवळ तीन तास, मध्ये गाड्या बदलणं, आणि विद्यार्थ्यांना शनिवारी दुसरी पुष्कळ कामं असतात. साडूभाऊ मात्र दर शनिवारी क्लबात जातात. त्यांची करंगळी मुठीच्या खाली लोंबते आणि गोळ्या जरा खाली जातात. मागच्या महिन्यात मी बरोबर गेलो होतो. त्यांनी शेजारीशेजारी दोन जागा घेतल्या होत्या आणि दोन्हींवर टार्गेटचे कागद लावले होते. आपल्या कागदावर त्यांनी पाच गोळ्या मारल्या, मग दोन्ही कागद परत मागवले, दुसऱ्यावर तारीख घातली आणि तो कोराच फाइलीत लावला.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "हे कशाला?"

"रीडिंग आलं नाही तरी नोंद करावी लागते," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर आम्ही दोघं गाडीत फारसं बोललो नाही. मला नेमबाजीतलं काही कळत नाही, आणि मनातलं बोलायची आम्हा साडवांना सवय नाही. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटत होतं, एवढं खरं. घरी पोचल्यावर त्यांनी फाइल माझ्या हातात दिली आणि ते तिजोरीकडे गेले. मी कागद उलटत बसलो. एकूण बावीस होते. त्यातले तीन ईरा आली होती त्या शनिवारांचे, त्यांना भोकं होती, पाच-पाच, अगदी मध्यावर. खालून वर आल्यावर ते तीन कागद त्यांनी मला पुन्हा काढून दाखवले.