ग्रीसला न गेलेला माणूस

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगतोय, कोण जाणे — पण आता मध्येच उठू नका.

नवीन पनवेलला आमचा फिल्म क्लब आहे. रविवारी सकाळी, सोसायटीच्या हॉलमध्ये. सिनेमाआधी कुणीतरी दहा मिनिटं बोलायचं ही आमची रीत, आणि ग्रीक सिनेमा असला की बोलायचो मीच. मी कॉलेजातला मराठीचा मास्तर — मला ग्रीक काय कळणार, कप्पाळ! पण वाचलं होतं भरपूर. युद्धानंतरचे ते रडके, गाण्यांचे काळे-पांढरे सिनेमे. मग लष्करशहांची कात्री. मग धुक्यातले लांबच लांब शॉट, ज्यांनी युरोपातली मोठमोठी बक्षिसं नेली. आणि अलीकडचे, थंड डोक्याने माणसं सोलणारे. हे सगळं खरंच होतं. खोटं एवढंच, की एकदा बोलून गेलो — हा मी तिथे, ग्रीसमध्ये, महोत्सवात पाहिलाय.

का बोललो? समोरच्यांच्या माना वर झाल्या, म्हणून. मग दरवर्षी त्यात भर पडत गेली. बंदराजवळचं थिएटर, शेजारी बसून रडणारी म्हातारी... अहो, पासपोर्टसुद्धा नव्हता माझ्याकडे!

जनार्दन इथल्याच जासई गावचा. वीसेक वर्षं ग्रीक मालकांच्या जहाजांवर खलाशी होता, ती भाषा फाडफाड बोलायचा. क्लबात नवीन आला होता, मागच्या रांगेत बसायचा. एका रविवारी मी पुन्हा ते बंदराजवळचं थिएटर रंगवून सांगितलं, आणि सिनेमा संपल्यावर त्याने हात वर केला. चेहरा नुसता फुललेला. "सर, ता थेटर कंच्या बाजूला हाय? मी त्या बंदरात लई राह्यलोय." मी म्हटलं, वर, टेकडीवर. त्याचं हसू ओसरलं. मग हळूच म्हणाला, "हाय, हाय. टेकडीवरच हाय." आणि खाली बसला.

सगळे खाली चहाला गेले. मी प्रोजेक्टरचा लोखंडी स्टँड घेऊन जिन्यावर आलो, तर हा मागोमाग. आजूबाजूला कुणी नाही बघून बोलला, "सर, तुमी गेलेलं नाय, ता मना समजला. मी कोनाला बोलनार नाय."

मी स्टँड फिरवला. पहिला कानशिलावर. दुसरा सरळ तोंडावर — हाड मोडल्याचा आवाज आला, माझ्या मनगटापर्यंत आला. तो पायऱ्यांवर कोसळला, तरी मी लाथा घालत होतो. दोरखंड ओढलेले हात त्याचे, मला एका हाताने उचलून फेकलं असतं त्याने. पण त्याने हात उगारला नाही. नुसतं तोंड झाकलं.

लोक धावत आले. मी म्हटलं, पिऊन आला होता, अंगावर धावला. सकाळी साडेअकराला! वास घ्यायलासुद्धा कुणी वाकलं नाही. "हे गाववाले असेच," कुणीतरी म्हणालं, आणि मी मान हलवली. त्याला क्लबातून काढायचा ठराव मीच लिहिला, सुवाच्य अक्षरात. त्याने दवाखान्यात सांगितलं, पाय घसरून पडलो. त्याचा डावा डोळा गेला. आठ वर्षं झाली. ग्रीक सिनेमावर अजून मीच बोलतो, लोक अजून टाळ्या वाजवतात.

इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आलो — बिंग फुटेल, अब्रू जाईल, त्या भीतीने हात उठला. पण भीती कसली? तो तर गप्प राहतो म्हणाला होता! भरल्या हॉलमध्ये माझ्यासाठी खोटंसुद्धा बोलला होता. भ्यायला काही उरलंच नव्हतं. जासईच्या एका खलाशाने मला सांभाळून घेतलं, मला, सरांना — तेच मला खपलं नाही. म्हणून मारलं.

आणि मारताना मला बरं वाटत होतं.