झाकणावरची लेबलं आणि इटलीचा प्रसाद

चौतीस वर्षं मी सरकारी स्टोअर सांभाळलं आणि माझ्या हातून एक खिळासुद्धा इकडचा तिकडे झाला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

रिटायर झालो आणि तिसऱ्याच दिवशी मला आमच्या स्वयंपाकघराची दुर्दशा दिसली. चहाच्या डब्यात मेथ्या, बिस्किटांच्या डब्यात सुया-दोरे, आणि शेवेच्या डब्यात चक्क शेव! (इंदुरात तेवढा एक डबा कधी चुकत नाही.) मी एकसारख्या चोवीस बरण्या आणल्या, लेबल छापायचं छोटं मशीन आणलं आणि डाळी, मसाले, सणावाराचं सामान असं सगळं ओळीने लावून टाकलं. लेबलं झाकणांवर.

"अहो, झाकणावर कशाला? बरणीवर चिकटवा ना," सुमन म्हणाली. सुमन म्हणजे आमची सौभाग्यवती.

"वरून बघितलं की दिसलं पाहिजे. याला सिस्टिम म्हणतात."

"आणि झाकणं बदलली तर?"

"झाकणांना काय पाय फुटणार आहेत?"

सुमन गप्प बसली. ती गप्प बसली की मी जिंकलो, असा माझा लग्नापासूनचा गैरसमज आहे.

मग गणपती आले. बडा गणपतीजवळच्या आमच्या गल्लीत छोटंसं मंडळ आहे, आणि नवव्या दिवशीच्या आरतीचा प्रसाद आमच्या घरचा. म्हणजे सुमनचा. एकोणीस वर्षं तिच्या उकडीच्या मोदकांसाठी लोक पलीकडच्या गल्लीतून टाळ्या वाजवायला येतात. यंदा मात्र ती मागच्या अंगणात शेवाळावरून घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. समोरच्या कुसुमताई लगेच हजर. "सुमन, तू आराम कर गं. यंदापासून नवव्या दिवसाचं मी बघते."

'यंदा' नव्हे, 'यंदापासून'! एकदा मान गेला की तो परत येत नाही, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. कुसुमताई गेल्या आणि सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं. हात मोडला तेव्हाही ती रडली नव्हती हो! मला काही ते बघवेना.

"प्रसाद आपल्याच घरून जाणार. मी करतो," मी छाती पुढे काढून म्हणालो.

"तुम्ही? उकडीचे मोदक?"

इथे आमची कन्या मिहिका मदतीला धावली. ती सिमरोलच्या कॉलेजात नोकरी करते आणि मोबाइलवर जगातलं कुठलंही पक्वान्न शोधून काढते. "बाबा, मोदक सोडा. इटलीत बदामाची कुकी करतात, रिच्चारेल्ली. बदामाची पूड, साखर, गोळे करून चपटे करायचे, ओव्हनमध्ये घालायचे आणि वरून पिठीसाखर. बस. एकदम सोप्पं!"

"त्यात अंडं असतं का?" सुमनने बरोबर नाडी पकडली.

"असतं, पण त्याच्या जागी आटवलेलं दूध चालतं," मिहिका म्हणाली. बाप्पासाठी इटलीला एवढी तडजोड करावीच लागली.

नवव्या दिवशी सकाळी मी स्टोअरच्या शिस्तीने सामान काढलं. पिठीसाखर आणि पांढरी रांगोळी, दोन्ही नवी आणली होती. दोन बरण्या पुसून ठेवल्या, भरल्या, आणि तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष दुबेजी यांचा फोन आला. "भिया, परसाद पक्का है ना? कुसुमताई को मना कर दूँ?"

"एकदम पक्का, दुबेजी! इटालियन आहे यंदा!" मी म्हणालो, आणि बोलता बोलता झटझट दोन्ही झाकणं लावून टाकली.

दुपारभर मी बदाम सोलले. (सव्वाशे कुकींना किती बदाम लागतात, ते सोलणाऱ्याच्या नखांना विचारा.) संध्याकाळी पाचपर्यंत शेवटचा ट्रे बाहेर आला. काय वास सुटला होता महाराज! मग मी पिठीसाखरेच्या झाकणाची बरणी उघडली आणि चाळणीने सगळ्यांवर पांढराशुभ्र थर दिला.

"जरा भरभरीत वाटतेय नाही?" मी म्हणालो. "एक चाखून बघू?"

"खबरदार!" सुमन ओरडली. "नैवेद्याचं चाखतात का? बाप्पाच्या आधी तुम्ही?"

तिकडे मिहिका दुसरी बरणी घेऊन मांडवात बाप्पासमोर मोठी रांगोळी काढून राहिली होती. तिचा फोन आला. "बाबा, ही रांगोळी बोटाला चिकटतेय. धड सुटतच नाहीये."

"पावसाळी हवा आहे, बेटा," मी अनुभवाने सांगितलं.

आरती झाली. नैवेद्य दाखवला. मी प्रसाद वाटायच्या आधी छोटंसं भाषणही ठोकलं, की ही कुकी बाहेरून खुसखुशीत आणि आतून मऊ असते, आपल्याला सवय नसल्यामुळे पहिल्या घासाला वेगळी वाटेल, पण घाबरू नका. मग एकेकाच्या हातावर कुकी ठेवत गेलो.

आणि मांडवात एक आवाज सुरू झाला. कचकच. आधी पुढच्या रांगेतून, मग मधून, मग सगळीकडून कचकच, कचकच! पण प्रसाद तोंडातून काढता येत नाही. आणि काढला तरी हे इंदूर, स्वच्छतेत देशात पहिलं! इथे रस्त्यावर थुंकायची कुणाची हिंमत आहे? लोक डोळे मिटून, बाप्पाचं नाव घेऊन गिळत होते.

"भिया," दुबेजी जीभ गालात फिरवत म्हणाले, "दाँत के नीचे कुछ अलग ही आ रिया है."

"इटालियन आहे ना!" मी म्हणालो.

"वरून खसखस लावलीय का हो?" कुसुमताईंनी विचारलं.

"तिकडची पद्धत आहे, ताई. आणखी एक घ्या!"

त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. सुमनने डाव्या हाताने एक तुकडा तोंडात टाकला, एकदाच चावला आणि माझ्याकडे बघितलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण असं तिने कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात मिहिका किंचाळली, "बाबा! रांगोळी चालतेय!"

सगळे धावले. बाप्पासमोरच्या कमळाच्या पांढऱ्या पाकळ्या काळ्या झाल्या होत्या आणि हळूहळू हलत होत्या. मुंग्या! गल्लीतल्या तमाम मुंग्या सहकुटुंब जेवायला बसल्या होत्या. मी वाकलो, चिमूटभर रांगोळी उचलली आणि जिभेवर ठेवली. गोड. मग हातातली कुकी चावून बघितली. कचकच!

बाप्पाच्या पायाशी साखर आणि भक्तांच्या तोंडात रांगोळी! दुबेजींचा फोन, दोन उघड्या बरण्या, दोन झाकणं, सगळं एका क्षणात आठवलं. सुमनची एकोणीस वर्षांची पुण्याई मी चाळणीने एका संध्याकाळी उडवली होती. मी खरोखर रडायच्या बेतात होतो.

"दुबेजी," मी हात जोडले, "माफ करा. वरती साखर नाही, रांगोळी लागली आहे. चूक माझी. सुमनचा यात काही दोष नाही. तिने लेबलं झाकणावर लावू नका म्हणून सांगितलं होतं."

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि बघता बघता सगळी गल्ली पोट धरून हसायला लागली. गल्लीतले डॉक्टर स्वतः दोन खाऊन बसले होते. ते म्हणाले, "घाबरू नका, पाणी प्या भरपूर." आणि दुबेजींनी काय करावं? उरलेली एक कुकी उचलली, वरचा थर चाकूने खरवडून काढला, उपरण्याने पुसली आणि तोंडात टाकली.

"अरे भिया! अंदर का माल तो गजब है!"

झालं! इंदूरच ते. खाण्याच्या बाबतीत इथे कुणी नाराज राहत नाही. दहा मिनिटांत उरलेल्या सगळ्या कुकी खरवडून संपल्या. वर कुसुमताईंनी स्वतः सुमनचा डावा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मोदक तुझेच हं. मी सारण परतून देईन. फक्त यांना लांब ठेव."

सुमन त्या दिवशी घरी येईपर्यंत हसत होती, आणि तिला हसताना बघून मला माझ्या फजितीचंही फार वाईट वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चोवीस बरण्यांची लेबलं नखाने खरवडून काढली. मग म्हटलं, मशीनही नजरेआड ठेवावं. बघतो तर ते आधीच फडताळात सगळ्यात वरच्या फळीवर, एका बरणीत बंद. सुमनने डाव्या हाताने एक लेबल छापलं होतं: 'यांनी हात लावू नये'. आणि ते तिने चिकटवलं होतं बरणीवर. झाकणावर नाही!