चार सेकंदांच्या फायली

सहा हजार दोनशे अकरा फायली आणि एकशे अठ्ठ्याण्णव नोट्स. एवढा पसारा क्लाउडमध्ये माझ्या नावावर साचलाय, हे मला एका रविवारी सकाळी कळलं. तोवर मी स्वतःला फार टापटीप बाई समजत होते. नागपुरात हुडकेश्वरच्या आमच्या घरात डोळे मिटून हळदीचा डबा काढून दाखवीन, अशी माझी मिजास. आणि इकडे हा कबाडखाना!

मोजायची वेळ आली ती मेल यायचे बंद झाले म्हणून. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. आमच्या मोठ्या बाईंनी पाठवलेलं पत्रक दोनदा परत गेलं, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "मॅडम, तुम्ही मेल उघडता तरी का?" फोन तर महिनाभर रोज बजावत होता, जागा संपली, आणखी विकत घ्या. नवरा म्हणाला, "घेऊन टाक ना, असे किती लागते त्याले?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काहून? आपल्याच फोटोचं भाडं आपण काहून भरायचं?" तो कळमन्याच्या मार्केटात धान्याच्या अडतीवर कामाला आहे. आठवडाभर तिथली आरडाओरड ऐकून आलेला माणूस घरी वाद घालत नाही. चहाचा कप घेऊन तो गच्चीवर गेला.

मग मी बसले पदर खोचून. आधी नोट्स. त्यातल्या निम्म्या म्हणजे किराण्याच्या याद्या. "उद्यापासून चालायला जाणे" ही नोट पाच वेळा, वेगवेगळ्या वर्षांची. एका नोटेत नुसतं "विसरू नये" एवढंच लिहिलेलं. काय विसरू नये ते देव जाणे. स्वतःच स्वतःवर हसत मी भराभर पुसत गेले.

नंतर फोटो. त्यात घराचं आढं, स्वतःच्या पायांचे अंगठे, वासराचं शेपूट, अर्धा दरवाजा. हे माझे नव्हेत, सासूबाईंचे. त्या पारशिवनीच्या पलीकडे गावी राहतात. मी नवीन फोन घेतला तेव्हा जुना त्यांना दिला होता. आमच्याकडे फोन देतात तो असाच देतात. काच पुसायची, कव्हर बदलायचं, चार्जर जोडून पिशवीत घालायचा. आतलं खातं कोण बदलत बसतं? त्यामुळे त्यांनी तिकडे काहीही टिपलं की ते इकडे माझ्या नावावर जमा होत होतं.

फोटो पुसून झाले आणि आवाजाच्या फायली लागल्या. तीनशे बारा! एकेक चार सेकंदांची, फार तर सहा. दोन-तीन वाजवून पाहिल्या. कोंबडी, खाटेची करकर, कोणीतरी घशातून काढलेला "अं… पा…" आणि शेवटी सासूबाईंचं "हं." मला वाटलं, फोन मांडीवर ठेवून बसत असतील, दाबलं जात असेल बटण. शेपटांचे फोटो काढणाऱ्या बाईकडून आणखी काय येणार? सगळ्या निवडल्या आणि एका फटक्यात पुसल्या. घटकाभरात अडकलेले मेल धडाधड यायला लागले. मला इतकं मोकळं वाटलं की त्या आनंदात मी वांग्याची भाजी करून टाकली.

मंगळवारी शाळेत डबा खात होते, तेव्हा सासूबाईंचा फोन आला. शाळेच्या वेळात त्या कधी फोन करत नाहीत. मी पहिल्याच रिंगला उचलला, कारण वर्षभरापूर्वी सासऱ्यांना लकवा झाला होता. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजत सारं होतं, शब्द तेवढा ओठांवर येत नव्हता. नवरा दर दुसऱ्या रविवारी जाऊन यायचा. मी गेले नव्हते कितीतरी महिन्यांत. कारणं होती माझ्याकडे. कारणांची आपल्याला कधी कमी असते?

"फोन बिघडला वं," सासूबाई म्हणाल्या. "तुह्या सासऱ्याचा आवाज गेला त्यातून."

"कोणता आवाज, आई?"

मग त्यांनी सांगितलं. नागपुरातल्या बोलणं शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी म्हटलं होतं, की असा माणूस कधीकधी स्वतःच्याच आवाजामागून लवकर बोलतो. म्हणून सासऱ्यांच्या तोंडून एखादा शब्द बरा निघाला की सासूबाई तो भरून ठेवायच्या. जुन्या फोनात जागा नव्हती, म्हणून माझ्या नवऱ्यानंच ते सरळ क्लाउडमध्ये जाईल असं लावून दिलं होतं. मला सांगायचं मात्र राहून गेलं. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की खाटेजवळ बसून त्या एकेक शब्द वाजवायच्या आणि बाबा, म्हणजे सासरे, स्वतःच्याच आवाजामागून म्हणायचे. असे नऊ महिने.

"परवापासून काहीच वाजून नाही राहिलं. म्या 'पानी' म्हटलं का ते भिंतीकडं तोंड फिरवून घेते. आपला आवाज आयकल्याबिगर बोलूनच नाही राहिले वं. होतं तेबी जाईन आता."

आणि मी काय म्हणावं? अजून जीभ चावावीशी वाटते. म्हणाले, "काय दाबलं तुम्ही? कितीदा सांगितलं आई, उगाच बटणं दाबत जाऊ नका म्हणून!"

"म्याच काही दाबलं असन," त्या म्हणाल्या. "माह्याच हातानं गेलं. नऊ महिन्याचं होतं बाई ते." आणि रडायला लागल्या. बाबांना दवाखान्यात नेलं त्या दिवशीही ही बाई रडली नव्हती.

फोन ठेवला, पोळीचा घास तोडला, आणि तो घास हातातच राहिला. चार सेकंद. कोंबडी. पा. अगं बाई! ते "पा" म्हणजे पाणी होतं. ते "हं" म्हणजे सासूबाईंची शाबासकी होती. आणि दाबलं होतं ते मी!

डबा बाजूला सारला. क्लाउडच्या कचरापेटीत गेले. पुसलेलं तिथे तीस दिवस राहतं, असं लिहिलेलं होतं. आणि खरोखरच होतं! तीनशे बाराच्या तीनशे बारा, एकावर एक, निमूट पडलेल्या. ज्या कोणा भल्या माणसाला ही तीस दिवसांची सोय सुचली, त्याला मी ऑफिसच्या खुर्चीतून मनोमन दंडवत घातला. माझ्यासारख्या तडकफडक बाया जगात किती असतात, हे त्याला माहीत असणार. मी सगळ्या फायली परत जागेवर आणल्या, तीनदा मोजल्या आणि कानात इअरफोन घालून ऐकत बसले.

आधी नुसते श्वास. मग "पा". पाच-पन्नास फायलींनंतर "पानी". बैलांना घालायची हाळी मात्र पहिल्याच झटक्यात खणखणीत, शेताच्या बांधावरून यावी तशी. एका फायलीत एक कचकचीत शिवी, काना-मात्रेचाही फरक नाही, आणि मागून सासूबाई हसून हसून बेजार, "हे बरं येते तुमाले!" एकेका शब्दामागे त्या किती वेळ बसल्या असतील! पाणी शब्दाच्याच फायली चाळीसच्या वर होत्या. मी सून म्हणून पंचवीस वर्षं त्या घरात जाते-येते, आणि एवढी चिकाटी माझ्या जवळपास नांदते आहे याचा मला पत्ता नव्हता. त्या बाईविषयी माझं मन कृतज्ञतेनं इतकं भरून आलं की पुढ्यातली हजेरीची पानं मला दिसेनाशी झाली.

आता खरं सांगते. मनात आलं, की गप्प बसावं. "आई, मी इथून फोन दुरुस्त केला," एवढं म्हणावं. त्यांनी मला तोंडभर आशीर्वाद दिला असता आणि सून किती हुशार म्हणून गावभर सांगितलं असतं. एक कप चहा पिईपर्यंत मी हा विचार केला. मग मात्र त्यांचं "माह्याच हातानं" कानातून जाईना. उठले, जिन्यात गेले आणि फोन लावला.

"आई, सगळं परत आलंय. तुमच्या हातानं काही गेलं नव्हतं. मी पुसलं होतं, रविवारी. मला वाटलं, कचरा आहे."

 वाटलं, आता ऐकावं लागणार, आणि ऐकावंच. पण त्या म्हणाल्या, "म्हंजे म्या नाही पुसलं?"

"नाही आई."

"खरंच म्या नाही?"

"तुमची शप्पथ, मी."

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला इथे ऐकू आला. "दोन दिस झाले वं, त्यायच्या डोळ्यात पाहून नाही राहिली मी. चोरी केल्यावानी वाटे." मग म्हणाल्या, "हे तूच सांग त्यायले. शब्द त्यायचे होते."

आणि त्यांनी फोन बाबांच्या कानाला लावला. लकवा झाल्यापासून मी त्यांच्याशी फोनवर बोललेच नव्हते. जो बोलू शकत नाही त्याच्याशी फोनवर काय बोलायचं, असं मला वाटायचं. मी म्हटलं, "बाबा, मी बोलते, सून. तुमचे शब्द मी पुसले होते. आईनं नाही. मोठी चूक झाली माझी. सगळे परत आणलेत, एकही गेला नाही. मला माफ करा."

त्यांचा श्वास ऐकू येत होता. घशात काहीतरी अडलं, सुटलं, पुन्हा अडलं. सासूबाई एरवी लगेच पुढचं अक्षर सांगतात. त्या वेळी त्यांनीही ते सांगितलं नाही. मी जिन्याचा कठडा धरून उभी होते. खाली पुढच्या तासाची घंटा झाली.

"असू…" बाबा म्हणाले. आणि बऱ्याच वेळानं, "असू… दे."

खाट करकरली, फोन कुठेतरी आपटला आणि सासूबाई ओरडल्या, "अवं माय! हे म्या नाही शिकवलं वं! हे तं माह्या एकाबी फायलीत नाही! तुह्यासाठी त्यायच्या मनानं आलं हे!" मला हुंदका आवरेना. मी काही बोलणार, तर त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "ठेव वं, ठेव फोन, मले भरू दे!" असं म्हणून त्यांनी कट करून टाकला.