बैलाचं आवतन

पोळ्याच्या आदल्या दिवशी पातूरची लेणी बघायला जायचं, हे डोकं माझंच. मी अकोल्यात वकील, दुसरा मित्र अमरावतीला मास्तर, तिसऱ्याची पातूरजवळ शेती. तिघंही शाळेत एका बाकावरचे. सुट्टी जुळली आणि मी ठरवून टाकलं. शेतकऱ्याच्या घरी त्या दिवशी काय असतं, हे ठाऊक असूनही.

निघतानाच शेतीवाला मित्र म्हणाला, "दिवस बुडायच्या आत मले घरी पायजे. म्हातारा बैल काई खाऊन नाई राहिला. त्याचा हा शेवटचाच पोळा समज."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकतात आणि त्याला सांगतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.' वर्षभर ज्याच्या मानेवर जू ठेवलं, त्याला धन्यानं दिलेलं जेवणाचं निमंत्रण. मित्राच्या जोडीतला दुसरा बैल आधीच गेला होता. नांगरणी ट्रॅक्टरवर आली, तरी हा एकटा त्यानं विकला नव्हता.

लेण्यांत वटवाघळांचा उग्र वास होता. ओल्या खांबांना टेकून आम्ही भाकर-ठेचा खाल्ला. पाऊस जरा उघडला तसा तो उठला, "चला आता."

मला डोंगरापलीकडचा धबधबा बघायचा होता. वाद घालण्यावरच माझं पोट, त्यामुळे ऐकतो कशाला. वर तोंडाला येईल ते बोललो, "फोन करून दे ना बैलाले आवतन."

मास्तर हसला. तोही हसला. आमच्याकडे थट्टा अंगाला लावून घेत नाहीत. तो हसला म्हणजे तयार झाला, असं मी सोयीस्करपणे धरून चाललो.

धबधबा सुंदर होता, खोटं कशाला बोलू? पोरासारखा भिजलो. परतताना वाटेतला नाला दुथडी भरून आडवा आला. पाणी उतरेपर्यंत मास्तर आणि मी दगडावर बसून होतो, तो मात्र पलीकडच्या काठाकडे बघत उभा. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्याच्या अंगणात शिरलो तेव्हा दिवे लागले होते. आई गोठ्याच्या दारात बसली होती, तूप-हळदीची वाटी शेजारी तशीच.

"आताच गेला," ती म्हणाली.

तो आत जाऊन बैलाच्या मानेवर हात ठेवून बसला. मला तिथे उभं राहायची लाज वाटली आणि निघून जायचीही. बऱ्याच वेळानं तो हात धुऊन आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "पुरण शिजवलं हाय. उद्या जेवायले या."

सकाळी त्यानं वावरात बैलाला माती दिली. दुपारी आम्ही पाटावर बसलो. त्या घरात पोळ्याची पहिली पोळी बैलाची असते. त्याच्या आईनं ती तव्यावरून काढली, क्षणभर हातातच धरली, आणि माझ्या ताटात वाढली. मी ती खाल्ली.