अडलेला खण

त्या दिवशी कुलूपवाल्याच्या पायाला भिंगरी लागली होती. दुकान उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. एका साध्या किल्लीचे दात त्याने चुकीचे घासले. असं त्याच्या हातून कधी होत नसे.

वर्षापूर्वी गल्लीत घरफोडी झाली आणि एका पेपरने छापलं, की इथला कुलूपवाला मनात आणलं तर निम्म्या घरांत शिरू शकतो. चोर पुढे सापडला, तो भलताच निघाला, तरी गिऱ्हाईक परत आलं नाही. या धंद्यात अब्रू गेल्यावर हत्यारं काय चाटायची? त्याने पेपरवर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला.

आता पेपरवाल्यांचं उत्तर आलं होतं: आम्ही मनाने काही लिहिलं नाही, त्याच्या आईनेच सांगितलं.

आणि ते खरं होतं. बातमीदार किल्ली करून घ्यायला दुकानात आला, तेव्हा म्हातारीने लेकाची फुशारकी मारली होती. "माझ्या पोराला कुठलं कुलूप अडत नाही. मनात आणलं तर निम्म्या घरांत झोपेत शिरेल!" उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याला तिचा इतका राग आला होता, की सकाळपासून तो तिच्याशी बोलला नव्हता. "अरे, उपाशी का चाललास?" तिने विचारलं. तिला बिचारीला या कशाचा पत्ताच नव्हता.

वकीलबाईंनी मात्र आडपडदा ठेवला नव्हता. "आईंनाही प्रतिवादी करा. नाहीतर पेपरवाले सगळं त्यांच्यावर ढकलून मोकळे होतील, आणि तुमच्या हाती धुपाटणं. नवा प्रतिवादी घालायची मुदत छापल्यापासून एक वर्ष. आज कचेरी बंद झाली की संपली."

सही केलेला अर्ज खिशात घालून तो कोर्टाभोवती फिरत राहिला. चहा मागवला, न पिता टाकला. खिडकी मिटायच्या बेताला कसाबसा आत शिरला.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज घेतला आणि शिक्क्यासाठी खण ओढला. खण उघडेना. किल्ली फिरेना. "मेला रोजचाच ताप!" बाई ओढत होत्या, शिपाई वरून बुक्क्या मारत होता. नुसत्या आवाजावरून कुलूपवाल्याला कळलं, आतली पट्टी तिरकी झालीये, तार घातली की सुटेल. तार खिशातच होती. बोटं शिवशिवत होती.

त्याच्या डोळ्यांपुढे आई आली, कोर्टात उभी. न्यायाधीशांनी विचारलं असतं, तर ती तशीच छाती फुगवून म्हणाली असती, "हो साहेब, मीच सांगितलं." त्याने हात खिशातून काढलाच नाही.

घंटा झाली. "आता उद्या या," बाई म्हणाल्या.

"उद्या काही उपयोग नाही," म्हणत त्याने अर्ज परत घेतला.

"अगं बाई! माझ्या घराच्या किल्ल्या खणातच राहिल्या की!"

तो वळला. खिडकीतून वाकून त्याने तार घातली, जराशी वळवली, आणि खण मुकाट बाहेर आला.

बाई बघतच राहिल्या. "अहो, मग मघाशीच का नाही उघडलात?"

"मघाशी अडलं होतं," तो म्हणाला.

कुलूप आपल्याला अडलं, असं त्याने जन्मात पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. आईने ऐकलं असतं, तर तिचा विश्वासच बसला नसता.