सापडले नाही

"पाच मिनिटांत काय बिघडतं, ते तरी सांग!" शोजीने जेवणाच्या बुटक्या टेबलावर पोस्टर पसरलं.

"पाच मिनिटांत काहीच बिघडत नाही, तेच तर दुखणं आहे," तोमोए म्हणाली. "आणि त्यावरची लोणच्याची वाटी उचला, डाग पडेल."

जपानमधल्या कामिनोसावा गावात घराघरांत सोललेली पर्सिमनची केशरी फळं दोऱ्यांना टांगून वाळत होती. रविवारी मेळाव्यात ती विकायची होती आणि शोजी मेळावा समितीचा अध्यक्ष होता. पोस्टरवर ठळक छापलं होतं: 'किरणोत्सर्ग: सापडला नाही.' खाली शास्त्रज्ञ म्हणून डॉ. कोकुबुन तोमोए, म्हणजे त्याचीच बायको. सही तेवढी बाकी होती.

तोमोएची एकतीस वर्षं किरणोत्सर्गाच्याच कामात गेली. अणुभट्टीजवळच्या गावांत किरणोत्सर्गापासून बचावाच्या आयोडीनच्या गोळ्या आधीच वाटून ठेवा, असा अहवाल तिने तरुणपणी लिहिला होता. सरकारी समितीने कमरेत वाकून आभार मानले आणि अहवाल गोळ्यांच्याच कपाटात कुलूपबंद केला. मग २०११चा तो मार्च आला, त्सुनामीने भट्ट्या फुटल्या, आणि तीच मंडळी तिला विचारू लागली, "बाई, तुम्ही आधी का नाही बोललात?" तेव्हापासून तिने माती मोजली, विहिरीचं पाणी मोजलं, शाळेतलं जेवण, रानडुकराचं मांस, बाळंतिणींचं दूधसुद्धा. सभांमध्ये तिला दहा मिनिटं मिळत. त्यातली नऊ तिची ओळख करून देण्यात जात.

पर्सिमनांचं गणित सोपं होतं. चिरून शिशाच्या जाड डब्यात ठेवली आणि तासभर मोजली की यंत्र आकडा देई: किलोला किरणोत्सर्गाचे त्रेचाळीस बेकरेल. कायद्याची मर्यादा शंभर. पण पाचच मिनिटं मोजलं, तर पन्नासाच्या खालचं यंत्राला दिसतच नसे आणि कागदावर उमटे, 'सापडले नाही'.

"शंभराच्या आत आहे ना? मग त्रेचाळीस लिहा की," तोमोए म्हणाली.

"त्रेचाळीस वाचून टोकियोचं गिऱ्हाईक पेटीला हात लावेल? पलीकडच्या गावाने पाच मिनिटांवरच भागवलंय. तुझे प्रयोगशाळेतले साहेबही चालेल म्हणाले."

"साहेबांना सगळंच चालतं. ते स्वतः तेवढे जागचे हलत नाहीत."

सासूबाई हात्सुए चष्मा नाकावर ढकलून बांगड्यातले काटे काढत होत्या. "अरे शोजी, हा चष्मा काढून मासा निवडला, तर काटे नव्हतेच म्हणायचं का?"

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"मध्येच बसलेय मी, पडू कुठे?" काटा बशीच्या कडेला ठेवत त्या म्हणाल्या, "आणि मागल्या साली बरी चालली पाच मिनिटं."

तोमोएची चॉपस्टिक थांबली. मागच्या वर्षी पाच मिनिटांच्या मोजणीवर सही तिनेच केली होती. मेळावा तोंडावर आला होता, शोजी पाच दिवस घुम्यासारखा वावरत होता आणि तिला घरात शांतता हवी होती.

"मिहोने विचारलं होतं मला तेव्हा," हात्सुए सांगू लागल्या. मिहो ही तोमोएची मुलगी, सेंदाईला राहायची. "म्हणाली, आजी, पोटुशी आहे, ही खाऊ ना? मी म्हटलं, आईची सही आहे गं, डोळे मिटून खा. पोरीने दोन पेट्या संपवल्या."

"काही झालं का? बाळ कसं गुटगुटीत आहे!" शोजी म्हणाला.

काही होणार नव्हतंच, हे तोमोएइतकं त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. तेवढ्याने बाळाला धक्का लागत नाही, हे ती मिहोला आकडा सांगूनच समजावू शकली असती. पण पोरीने आईला विचारलंच नाही. सही बघितली आणि डोळे मिटले.

"मेळाव्याला सगळं गाव असणार," शोजीचा आवाज खाली आला. "मी तोंड कुठे लपवू?"

तोमोएने पोस्टरची नीट घडी घातली आणि कोपऱ्यातल्या रद्दीवर ठेवली.

"हे लागणार नाही. प्रत्येक पेटीवर तासभर मोजलेला आकडा जाईल, माझ्या सहीने. मागल्या सालचा नमुना प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये आहे, तो उद्या मोजते. आकडा आधी मिहोला कळवीन. रविवारी माइकवरून गावाला सांगेन, की मागची सही पाच मिनिटांची होती आणि ती मीच केली होती."